ठाणं सोडून बदलापूरला जायचं का? पोरं वाढवायला शहर कसं तपासायचं

ठाण्यात भाड्याने राहणाऱ्या घरात हा विषय वर्षातून एकदा तरी निघतोच. आमच्याकडे खारीगावात तो ॲग्रीमेंट रिन्यू करायच्या वेळी निघतो, मालक भाडं वाढवतो, आपण कागदावर हिशोब मांडतो आणि कोणीतरी म्हणतं की एवढ्या हप्त्यात बदलापूरला टू बीएचके येतो. येतो ना, खोटं नाही. पण अंबरनाथ, बदलापूर, टिटवाळा, अगदी आपलं दिवा घ्या, या गावांचा जीव लहान आणि माणसं येतायत लोंढ्याने, त्यामुळे पाणी, रस्ते, शाळा, दवाखाने सगळंच धापा टाकत मागून येतंय. अशा ठिकाणी पोरं वाढवायची का नाही हे कसं ठरवायचं, त्यावर आम्ही नवरा-बायकोने चार महिने घातले, ते इथे लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. शहरात जे कमी असतं ते घरातलं कोणीतरी भरून काढतं. पाणी पहाटे येत असेल तर कोणीतरी पहाटे उठतं, शाळेची बस आत येत नसेल तर कोणीतरी नाक्यापर्यंत सोडायला जातं. आणि हे कोणीतरी बहुतेक वेळा बायको नाहीतर आई असते, घर पसंत करून आलेला माणूस नव्हे. म्हणून "शहर चांगलं का वाईट" असं विचारत बसू नका, एक वही घ्या, शहराची एकेक अडचण लिहा आणि तिच्यापुढे घरातल्या माणसाचं नाव लिहा. आमच्या वहीत पहिल्या पानावर आईचं नाव सहा वेळा आलं, वय तिचं सदुसष्ट.

रविवारी जाऊ नका

रविवारी बिल्डरची गाडी स्टेशनला घ्यायला येते, एसी ऑफिसात थंड सरबत मिळतं, टेरेसवरून डोंगर दाखवतात आणि डोंगर खरंच सुंदर दिसतो. तुम्ही मंगळवारी जा. आणि नुसतं जाऊ नका, जसं रोज जाल तसं जा, म्हणजे ऑफिस सुटल्यावर ठाण्याहून लोकल पकडून, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिकडून परत. त्यासाठी एक रात्र कोणाकडे तरी राहायला लागतं, राहा.

सीएसएमटी ते ठाणे जितकं अंतर आहे जवळपास तितकंच पुढे ठाणे ते बदलापूर, म्हणजे चौतीस किलोमीटर. फास्ट लोकल पाऊण तासाच्या आसपास घेते, तो आकडा सगळे सांगतात. न सांगितलेलं असं की संध्याकाळी ती गाडी सीएसएमटी-दादरवरूनच गच्च भरून येते, ठाणेकराला दारात पाय ठेवायला मिळाला तरी नशीब. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ गर्दीच्या गाड्यांतून माणसं पडली आणि काही जण गेले, ते असेच रोज लोकलने जाणारे लोक होते. कल्याणच्या पुढे दोनच रूळ आहेत, त्यावरूनच लोकल, मेल, मालगाडी सगळं जातं, तिसऱ्या-चौथ्या लाइनचं काम चालू आहे. एक गाडी रखडली की मागची रांग उभीच. बिल्डर तुम्हाला चिखलोली स्टेशन, मेट्रो चौदा वगैरे दाखवेल, ब्रोशरमधे तर मेट्रो सुरू होऊन लोक बसलेले पण असतात. जे आज चालू आहे तेवढंच धरा.

माझं ऑफिस वागळे इस्टेटला, हिचं ऐरोलीला, म्हणजे ठाण्याला उतरून परत ट्रान्स हार्बर. हिने त्या मंगळवारी घड्याळ लावलं तर दारापासून दारापर्यंत दोन तास पाच मिनिटं. पोरगी नऊला झोपते. सकाळी सातला निघायचं आणि रात्री सव्वाआठला परत, मग हिने पोरीबरोबर जेवायचं, अभ्यास बघायचा का नुसतं तिचं डोकं कुरवाळायचं? हा हिशोब ईएमआयच्या कॅल्क्युलेटरमधे बसत नाही, म्हणून लोक तो करतच नाहीत. तुमच्या दोघांपैकी एकाचं काम कल्याण-अंबरनाथ बाजूला असेल किंवा आठवड्यातले काही दिवस घरून असेल तर चित्र एकदम बदलतं, बाकी कुठल्याही मुद्द्यापेक्षा जास्त बदलतं.

पाणी एजंटला विचारू नका

धरण उशाला आणि कोरड घशाला म्हणतात ते बदलापूरला अगदी शब्दशः. बारवी धरण शेजारी आहे पण ते एमआयडीसीचं, त्याचं पाणी कारखान्यांना आणि खालच्या शहरांना जातं, आपल्या ठाण्यालासुद्धा येतं. बदलापूर मुख्यतः उल्हास नदीचं पाणी पितं, बॅरेजवरून, म्हणजे नदीवरच्या बंधाऱ्यावरून, जीवन प्राधिकरण हे सरकारी पाणीखातं उचलतं ते. आता कुठल्या सोसायटीला किती मिळतं हे गल्लीगणिक बदलतं, उंचावरच्या भागाला वेगळं, लाइनच्या शेवटी असलेल्याला वेगळं.

आम्ही बदलापुरातच कात्रपला एक फ्लॅट बघितला, एजंट म्हणाला पाण्याचा प्रश्नच नाही साहेब, चोवीस तास. मी हो म्हणून पॅसेजमधे आलो तर समोरच्या दारापाशी तीन निळे ड्रम, त्यावर प्लायवूडचा तुकडा आणि प्लायवूडवर तुळशीची कुंडी. ड्रमावर कुंडी ठेवलीय म्हणजे ड्रम कायमचे आहेत. बेल वाजवली, काकूंनी आत बोलावून पाणीच दिलं प्यायला, आणि मग सगळं सांगितलं की दोन दिवस येतं एक दिवस येत नाही, मे महिन्यात टँकर लागतो, त्याची वर्गणी मेंटेनन्सच्या वर वेगळी घेतात. एजंट खाली फोनवर होता.

तर करायचं असं की घर बघायला एप्रिल-मे मधे जा, वॉचमनला टँकरचं विचारा, आणि जमलं तर सेक्रेटरीकडून मागच्या उन्हाळ्याचा टँकरचा खर्च बघून घ्या. सोसायटीचा हिशोब असतो त्यात ओळ असतेच.

मग पावसाळ्यात परत जा

उन्हाळ्यात पाणी नाही आणि पावसाळ्यात पाणीच पाणी, दोन्ही एकाच गावात. २००५ चा २६ जुलै तर सगळ्यांनाच आठवतो. २०१९ च्या जुलैमधे महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे पुरात अडकली, हजारावर माणसं बोटींनी काढली. बदलापूर पश्चिमेला हेंद्रेपाडा, रमेशवाडी, बॅरेज रोड या बाजूला मोठा पाऊस झाला की नदीकडे लक्ष ठेवून राहतात लोक. जलसंपदा खात्याने उल्हास नदीची पूररेषा आखलीय, निळी आणि लाल, त्यातली निळ्याच्या आतली जागा म्हणजे नदीचीच समजा. प्लॉट कुठे बसतो ते नगरपरिषदेच्या नगररचना विभागात जाऊन नकाशावर बघता येतं, अर्धा दिवस जातो पण बघा. आणि तळमजल्यावरच्या भिंती बघा, नवीन रंगाच्या खाली कमरेएवढ्या उंचीवर ओल दिसली की समजायचं काय ते.

कागद, थोडक्यात पण नीट

रेरा नंबर, म्हणजे प्रोजेक्टची सरकारी नोंदणी, आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारती निघाल्या ज्यांनी पालिकेच्या परवानगीचे खोटे कागद लावून रेरा नंबर मिळवला, २०२४ मधे हायकोर्टाने त्या पाडायला सांगितल्या, आत राहणाऱ्या लोकांनी तर कर्ज काढून घेतलेली घरं ती. आणि शिळफाट्याची २०१३ सालची इमारत ठाण्यातलीच होती, ७४ माणसं गेली. त्यामुळे सीसीची, म्हणजे बांधकाम परवानगीची, कॉपी घेऊन ती ज्यांनी दिली म्हणतात त्या ऑफिसात जाऊन खरी आहे का विचारायचं, तयार बिल्डिंग असेल तर ओसी, म्हणजे राहायला परवानगीचा दाखला, बघायची, सातबारा बघायचा आणि आपला वकील आपणच शोधायचा, बिल्डरने दिलेला नको. ओसी नसेल तर स्वस्त का मिळतंय याचं उत्तर मिळालं.

शाळा सुटताना गेटवर उभे राहा

शाळेच्या ऑफिसात सगळ्या शाळा सारख्याच दिसतात, ट्रॉफ्यांचं कपाट, सरस्वतीचा फोटो. तुम्ही सुटायच्या वेळी अर्धा तास गेटवर उभे राहा. छोटी पोरं कोणाच्या हातात देतात, ओळख बघून देतात का नुसतं गेट उघडतात, रिक्षात किती कोंबतात. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पाचवीपर्यंत तीस मुलांमागे एक शिक्षक पाहिजे, तुकडीत प्रत्यक्षात किती आहेत विचारा. यूडायस या शाळांच्या सरकारी वेबसाइटवर शाळेचं नाव टाकलं की शिक्षक किती, संडास किती सगळं येतं.

२०२४ च्या ऑगस्टमधे बदलापूरच्या एका शाळेत छोट्या मुलींवर अत्याचार झाले आणि त्यानंतर लोक दिवसभर रुळांवर बसले, ते वाचून हिने पहिल्यांदा ठाम नाही म्हटलं होतं. मग तीच म्हणाली की असं कुठेही होऊ शकतं, मग आपण सगळीकडेच विचारायला पाहिजे. ती आता प्रत्येक शाळेत तेच चार प्रश्न विचारते. छोट्या मुलींना टॉयलेटला कोण नेतं, ती बाई असते का? स्टाफचं पोलीस व्हेरिफिकेशन झालंय का? सीसीटीव्ही चालू आहेत का, आणि त्यांचं फुटेज कोण बघतं? सखी सावित्री समितीत, म्हणजे शाळेच्या मुलांच्या सुरक्षेच्या समितीत, पालक कोण आहेत? एका ठिकाणी मॅडमनी रजिस्टर काढून दाखवलं, एका ठिकाणी म्हणाले तुम्ही ॲडमिशन तर घ्या मग सांगू. दुसरी शाळा दिसायला जास्त चकाचक होती.

दवाखान्याचं एकच सांगतो, रात्री दोनला तापाने फणफणलेलं पोर घेऊन कुठे जाणार ते आधी ठरवा, आणि तिथे रात्री एकदा खरंच फोन करून बघा कोणी उचलतं का. गावात बालरोगतज्ज्ञ बरेच आहेत, पण मोठं काही झालं की उल्हासनगर, कल्याण नाहीतर थेट कळवा-ठाणे गाठायला लागतं. लाइट किती जाते ते पण शेजाऱ्यांनाच विचारा. आणि रात्री अकरानंतर एकदा फेरी मारा, खरवई एमआयडीसीच्या बाजूला केमिकलचा वास येतो का ते नाकाने तपासायचं, दुपारी कळत नाही.

एवढं वाचून वाटेल मी नकोच म्हणतोय. तसं नाहीये. मंगळवारच्या त्या रात्री मित्राकडे राहिलो तर जेवण झाल्यावर खाली दहा-बारा पोरं लपाछपी खेळत होती, रात्रीचे साडेनऊ, आणि गॅलरीतून चार आया नावं घेऊन हाका मारतायत. खारीगावात आमची पोरगी पार्किंगमधे दोन गाड्यांच्या मधे सायकल चालवते. सकाळी गार हवा, बाजारात आदिवासी बायका रानभाज्या घेऊन बसलेल्या, ग्रंथसखासारखं मराठी पुस्तकांचं वाचनालय, हे पण वहीत लिहायचं, फक्त त्याच्यापुढे पण नाव लिहायचं की याचा फायदा कोणाला.

आणि वही कितीही भरली तरी लगेच विकत घेऊ नका. अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स करा, एक उन्हाळा आणि एक पावसाळा त्याच गल्लीत काढा जिथे घ्यायचंय. सामान हलवायचा खर्च डबल होतो, मान्य, पण वीस वर्षांच्या कर्जापुढे तो काहीच नाही.

आमचं १ जूनपासून ॲग्रीमेंट आहे, कात्रपलाच, त्या काकूंच्या वरच्या मजल्यावर. हिला ऑफिसने आठवड्याचे दोन दिवस घरून दिलेत, ते मिळाले म्हणूनच निघालो. आईच्या नावापुढची सहा कामं आम्ही वाटून तीनवर आणली, पाण्याची पाळी माझ्याकडे आलीय आणि काल दोन ड्रम घेऊन ठेवलेत. टोकन मात्र कोणाला दिलेलं नाही, एजंट रोज फोन करतो, त्याला सांगितलंय जुलै जाऊ दे.