मुंबईत राहून उल्का व लघुग्रहांच्या अभ्यासाकडे कसे वळावे

मुंबईच्या आकाशात मोजकेच तारे दिसतात; तरीही उल्का आणि लघुग्रह यांच्या अभ्यासाची पायाभरणी या शहरात राहून उत्तम रीतीने करता येते. या शास्त्रात आकाश पाहण्याइतकेच ते मोजण्याला महत्त्व आहे, आणि मोजण्याची सवय दहावी-अकरावीपासून लावून घेता येते.

सुरुवात मिथुन राशीकडून येताना भासणाऱ्या जेमिनिड्स उल्कावर्षावापासून करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ऑगस्टमधला पर्सिड्स वर्षाव आपल्याकडे ऐन पावसात ढगांआड जातो, पण १३ आणि १४ डिसेंबरच्या सुमारास आकाश बहुधा निरभ्र असते. शिवाय बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंनी मागे टाकलेल्या धुळीमुळे होतात, तर जेमिनिड्सचे मूळ १९८३ मध्ये सापडलेल्या फेथॉन या लघुग्रहात आहे, त्यामुळे आपले दोन्ही विषय एकाच रात्री भेटतात. बदलापूरच्या पुढे वांगणी किंवा नेरळच्या परिसरात, ओळखीच्या जागी आणि गटानेच जावे. खगोल मंडळासारख्या संस्था या भागात निरीक्षणाचे कार्यक्रम करत आल्या आहेत. डोळे अंधाराला सरावण्यासाठी किमान वीस मिनिटे द्यावीत, मोबाइलचा पडदा पाहू नये आणि लिहिण्यासाठी मंद लाल प्रकाशाची विजेरी वापरावी. प्रत्येक उल्केची वेळ, अंदाजे तेजस्विता आणि ती मिथुन राशीकडून आली की भलत्याच दिशेने, हे नोंदवावे. त्या रात्री दिसलेला सर्वांत अंधूक तारा कोणता, आकाशाचा किती भाग ढगांनी झाकला होता आणि आपण नेमका किती वेळ आकाशाकडे पाहत होतो, हेही लिहावे. या नोंदी नसतील तर ‘तासाला चाळीस उल्का दिसल्या’ या वाक्याला शास्त्रात फारसा अर्थ उरत नाही, कारण दोन निरीक्षकांच्या संख्यांची तुलना त्यांच्याच आधारे होते.

पावसाळ्याचे चार महिने संगणकासाठी राखून ठेवावेत. पायथन ही संगणकाची भाषा शिकावी, ग्रहांच्या गतीचे केप्लरचे नियम वापरून कक्षा काढण्याची गणिते स्वतः सोडवावीत. आंतरराष्ट्रीय लघुग्रह शोध मोहिमांत विद्यार्थ्यांच्या गटांना आकाशाच्या एकाच तुकड्याची, काही मिनिटांच्या अंतराने घेतलेली छायाचित्रे मिळतात. ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर सरकणारा ठिपका शोधून त्याचे स्थान मोजायचे असते. हे काम कंटाळवाणे वाटू शकते, आणि ज्याला त्यातही रस वाटतो त्याने या क्षेत्राचा गंभीरपणे विचार करावा. ऑगस्ट २०२० मध्ये पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे २,९५० किलोमीटरवरून गेलेला ‘२०२० क्यूजी’ हा छोटा लघुग्रह दुर्बिणीच्या अशाच माहितीतून ओळखणाऱ्यांत आयआयटी मुंबईचे विद्यार्थी होते.

शिक्षणाचा मार्ग तसा सरळ आहे. बारावीपर्यंत भौतिकशास्त्र आणि गणित पक्के करावे, शक्य असल्यास खगोलशास्त्र ऑलिंपियाडची परीक्षा द्यावी. तिचे पुढचे टप्पे मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सांभाळते. त्यानंतर भौतिकशास्त्रात बीएस्सी, एमएस्सी आणि पीएचडी. पदवीच्या काळात मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) आणि पुण्याची आयुका ही खगोलशास्त्र संस्था यांच्या उन्हाळी उपक्रमांसाठी जरूर अर्ज करावा. अशनींचे, म्हणजे जमिनीवर पोहोचलेल्या उल्कापाषाणांचे, आकर्षण असेल तर रसायनशास्त्र किंवा भूशास्त्रातूनही येता येते. बेसॉल्ट या ज्वालामुखीजन्य खडकात आघाताने तयार झालेले लोणारचे विवर महाराष्ट्रातच असताना या वाटेकडे आपली मुले कमी वळतात, याची मला खंत वाटते.

पीएचडीची संस्था निवडताना केवळ तिच्या नावावर जाऊ नये. भारतात खगोलशास्त्राच्या नामांकित संस्थांमध्ये बहुतेक काम तारे, दीर्घिका आणि कृष्णविवरे यांवर चालते. लघुग्रह, धूमकेतू अशा सूर्यमालेतील लहान पिंडांसाठी अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेचे नाव आधी घ्यावे लागते. म्हणून आधी मार्गदर्शक शोधावा, मग संस्था.

घरी पोटापाण्याचा प्रश्न निघणारच, आणि त्याला खरे उत्तर द्यावे. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाल्यास २०२३ पासूनच्या दराने दरमहा ३७,००० रुपये मिळतात. मात्र पीएचडीला साधारण पाच-सहा वर्षे लागतात, नंतर काही वर्षे परदेशात तात्पुरत्या पदांवर काढावी लागू शकतात आणि कायमच्या जागा थोड्या असतात. प्रतिमा-विश्लेषण आणि प्रोग्रामिंग नीट आले असेल, तर दुसऱ्या क्षेत्रात जाण्याची वाट मोकळी राहते.

मार्गदर्शकाला पहिले पत्र लिहिताना लहानपणापासूनच्या आवडीवर परिच्छेद खर्च करू नयेत. आपण मोजलेल्या एखाद्या लघुग्रहाच्या स्थानांचा तक्ता किंवा दोन-तीन डिसेंबरच्या उल्कानोंदी जोडाव्यात, आणि त्या मोजणीत किती चूक असू शकते हेही त्याच कागदावर लिहावे.