गावचा सांडपाणी प्लांट बंद पडलाय? मोटार बदलण्याआधी या चुका टाळा

वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावचा सांडपाणी प्लांट कृष्णेच्या काठी, स्मशानभूमीच्या खालच्या अंगाला आहे. आता तिथं फक्त भिंती उरल्यात. टाकीत वेड्या बाभळी उगवल्यात, गटार थेट ओढ्यात जातं आणि ओढा नदीत. ग्रामसभेत दर वर्षी एकच मागणी होते, नवी मोटार बसवा. दोनदा बसवून झाली, दोन्ही वेळा वर्षभरात तेच. मोटारीत दोष होताच, पण आम्ही टाकीच्या वरच्या अंगाला कधी बघितलंच नाही.

पहिली चूक गटारात आहे. पन्हाळीचं पाणी सांडपाण्याच्या गटारात सोडलं, की जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात टाकीतले जिवाणू धुऊन निघतात. पाणी साफ करतात ते हे जिवाणूच, मोटार त्यांना फक्त हवा पुरवते. पावसाच्या पाण्याला वेगळी वाट काढा. गोठा धुतलेलं पाणीही गटारात नको. पाच-सहा म्हशींचं शेण अख्ख्या आळीच्या सांडपाण्याला भारी पडतं, ते गोबरगॅसला किंवा उकिरड्यावर जाऊ द्या. आणि तोंडाशी जाळी असेल तर ती रोज साफ करायचं काम एका माणसाच्या नावावर लिहा. 'सगळ्यांनी लक्ष ठेवायचं' म्हटलं, की जाळी आठवड्यात तुंबते.

अंदाजाने टाकी बांधू नका. जलजीवनच्या हिशेबाने माणशी रोज ५५ लिटर पाणी, त्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होतं. ३,००० वस्तीला रोज १ लाख ३२ हजार लिटर झालं. मोटारीशिवाय, एकापाठोपाठ तीन तळ्यांत हे पाणी सात दिवस थांबवायचं, तर सव्वा मीटर खोलीला साडेसात गुंठ्यांच्या आसपास जागा लागते. वीजबिल थकलं की मोटारीवरचा ब्लोअर, म्हणजे टाकीत हवा फुंकणारं यंत्र, बंद होतो आणि एखाद-दोन दिवसांत टाकी सडायला लागते. म्हणून लहान गावाला मी तळीच सुचवीन. शेवटच्या टप्प्यात कर्दळ आणि पाणकणीस लावा.

ब्लोअरवरचा प्लांट चालवायचाच असेल, तर तपासणी काचेच्या बरणीतही होते. हवेच्या टाकीतलं लिटरभर पाणी बरणीत घ्या आणि अर्धा तास हलवू नका. तपकिरी गाळ खाली बसून वर नितळ पाणी राहिलं, तर टाकी जिवंत आहे. पाणी काळं आणि घाण वासाचं असेल तर हवा कमी पडतेय. गाळ बसतच नसेल किंवा तरंगत वर येत असेल, तर बऱ्याचदा तो वेळेवर काढला गेलेला नसतो. आमच्याकडे ही बरणी कुणी भरलीच नाही.

आता जिवाचं. जुनी बंद टाकी 'जरा साफ करू' म्हणून कुणालाही आत उतरवू नका. सडक्या अंड्याचा वास येणारा वायू जास्त झाला की नाक बधिर होतं, वास येईनासा होतो आणि माणूस शिडीवरच कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. सुरक्षा साधनांशिवाय असं उतरवणं हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. गाळ सक्शनच्या गाडीनेच बाहेरून ओढून घ्या.

पुराची रेषाही विसरू नका. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे, २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. मोटारीचा विजेचा पॅनेल बोर्ड त्या वर्षीच्या पुराच्या खुणेच्या वर घ्या. आमचा खाली होता.

शेवटची चूक घरोघरच्या शोषखड्ड्यांची, आणि ती चांगल्या मनाने होते. काळ्या जमिनीत पाणी मुरत नाही. आधी फूटभर खड्डा खणून संध्याकाळी पाण्याने भरा आणि सकाळी पाणी मुरलंय का ते बघा. आमच्या वरच्या आळीत मुरूम लागतो, तिथले खड्डे चांगले चालतात. खालच्या आळीत पावसाळ्यात चार फुटांवरच पाणी लागतं, तिथला शोषखड्डा म्हणजे शेजारच्या विहिरीत घाण सोडणं. त्या आळीचं पाणी पाइपने तळ्याकडेच न्यायला हवं. स्मशानभूमीच्या कडेची गायरान जागा त्यासाठी मोजून घेण्याचा अर्ज आम्ही या महिन्यात दिलाय.