लिफ्ट घेण्याआधी फरशीला भोक पाडा

सांगलीत आमच्या घराच्या पार्किंगमध्ये १९८६ची प्रीमियर पद्मिनी उभी असते. तिचं बहुतेक काम मी स्वतः करतो. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक ट्रेडला शिल्प निदेशक म्हणून तीस वर्षं काढली, त्यामुळे गाडीखाली झोपून काम करण्याची सवय होती. साठीनंतर मात्र गुडघ्यांनी नकार दिला. ट्रॉली जॅक लावा, स्टँड सरकवा, पाठीवर पडून तोंडावर गंज झेला, आणि एक पान्हा बाहेर राहिला की पुन्हा सरपटत बाहेर या. शेवटी गॅरेजमध्ये असते तशी गाडी उचलणारी लिफ्ट घ्यायचं ठरवलं. ठरवल्यापासून ती बसेपर्यंत सात महिने गेले, त्यातले चार फरशीच्या कामात. म्हणून घरी लिफ्ट बसवू पाहणाऱ्या प्रत्येकाशी मी आधी फरशीबद्दलच बोलतो.

पहिल्या विक्रेत्याने मला गाडी कोणती, बजेट किती आणि रंग लाल हवा की निळा, एवढंच विचारलं. खाली जमीन कसली आहे हे विचारलं नाही. त्याची टू-पोस्ट लिफ्ट मी जवळजवळ नक्की केली होती. माझा एक जुना विद्यार्थी मिरजेला गॅरेज चालवतो, तोही म्हणाला, "सर, टू-पोस्टच घ्या. गाडीचं पोट पूर्ण मोकळं मिळतं." त्याचं बरोबरच आहे, पण त्याच्या शेडमध्ये मोठ्या गाड्यांसाठी घातलेलं जाड आरसीसी आहे. घरच्या पार्किंगमध्ये ते नसतं.

टू-पोस्टमध्ये दोन खांब असतात आणि गाडी त्यांच्या आतल्या हातांवर पेललेली असते. वजन खांबापासून लांब असल्यामुळे खांब आत झुकू पाहतो आणि त्याच्या तळपट्टीचे बाहेरच्या बाजूचे बोल्ट जमिनीतून उपसले जाऊ पाहतात. म्हणजे जमिनीवर नुसता भार पडत नाही, तिच्यातून बोल्ट ओढला जातो. झोपाळ्याची कडी पोकळ विटेत ठोकली तर काय होईल, तसाच हा प्रकार. हलक्या टू-पोस्टलासुद्धा बहुतेक उत्पादक किमान ४ इंच जाडीचं, भेग नसलेलं काँक्रीट मागतात. जड लिफ्टला त्याहून जास्त लागतं. नेमका आकडा त्या मॉडेलच्या पुस्तिकेत असतो. ती पुस्तिका पैसे देण्याआधी मागून घ्या. विक्रेता देत नसेल तर तिथे व्यवहार करू नका.

आता आपल्या पार्किंगमध्ये किती काँक्रीट आहे ते कसं कळणार? जिथे लिफ्ट येणार तिथे हॅमर ड्रिलने १२ मिलिमीटरचं भोक पाडा. राखाडी भुकटी येत राहते, मग एका क्षणी ड्रिलचा जोर सुटतो आणि तांबूस मुरूम येऊ लागतो. टोक काटकोनात वाकवलेली तार आत सोडा, काँक्रीटच्या खालच्या कडेला अडकवून वर ओढा आणि फरशीच्या पातळीवर बोटाने धरून मोजा. असं तीन-चार ठिकाणी करा, कारण गवंड्याने कोबा सगळीकडे सारखा ओतलेला नसतो. माझ्याकडे वर पाऊण इंच कोटा फरशी, त्याखाली दीड इंच मसाला, मग जेमतेम अडीच इंच कोबा निघाला. कोटा आणि मसाला या हिशेबात धरायचेच नाहीत. बोल्टाची पकड कोब्यात असते. वरचे थर फक्त बोल्टाची लांबी खातात.

त्याच्या खाली मुरूम, आणि मुरमाखाली आमची काळी माती. कृष्णाकाठच्या लोकांना ती वेगळी सांगायला नको. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, एप्रिल-मे मध्ये हाताचा पंजा जाईल अशा भेगा पडतात. तिच्यावरचा पातळ कोबा दरवर्षी थोडा थोडा हलतो. कुंपणाच्या भिंतीला तिरक्या भेगा असतील तर पार्किंगच्या फरशीखालीही तेच चाललं आहे असं समजा.

आणखी दोन गोष्टी बघा. आपल्याकडे बंगल्याची पाण्याची टाकी किंवा सेप्टिक टँक सर्रास पार्किंगखाली असतो. घराचा नकाशा काढून बघा, बांधणाऱ्याला फोन करा. टाकीच्या स्लॅबवर कुठलीही लिफ्ट नको. पेव्हर ब्लॉक असतील तर तेवढा भाग उखडून काँक्रीट घालावंच लागेल. सोसायटीच्या सामाईक पार्किंगमध्ये, विशेषतः खाली तळघर असेल तर, ड्रिल लावूच नका.

मी काय केलं ते सांगतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावलं. त्यांच्या सांगण्यावरून ७ फूट बाय ६ फूट जागा उखडली, काळी माती दोन फूट काढली, मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत पाणी मारून धुमसला. त्यावर सळयांची जाळी टाकून ६ इंच एम-२५ काँक्रीट ओतलं. एम-२५ म्हणजे २८ दिवसांनी चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन दाब सोसणारं. ते २८ दिवस खरोखर थांबावं लागतं. मिस्त्री आठव्या दिवशी "आता लोखंड झालंय" म्हणाला, तरी मी थांबलो. कोवळ्या काँक्रीटमध्ये अँकर बोल्ट आवळला की भोकाभोवती केसासारख्या भेगा पडतात, आणि त्या वरून दिसत नाहीत.

फरशीनंतर उंची. आमच्या पार्किंगची उंची सगळे १० फूट सांगायचे. ती स्लॅबपर्यंतची. मधून एक बीम जातो, त्याच्याखाली ९ फूट, म्हणजे २७४ सेंटिमीटर. पद्मिनीची उंची १४७ सेंटिमीटर. म्हणजे उरले १२७, त्यातही वर थोडी फट हवीच. तुमच्याकडे मोजताना बीम, पंखा, ट्यूबलाइट, शटरचा गुंडाळलेला रोल, यातलं जे सर्वांत खाली असेल तिथून मोजा. बॉनेट किंवा डिकी उघडी ठेवून गाडी उचलायची असेल तर ती उघडून मोजा. आणि उभं राहून काम करायचं स्वप्न असेल तर सरळ बेरीज करा: गाडीची उंची, अधिक तुमची उंची, अधिक चार बोटं. साडेपाच फुटांचा माणूस आणि पद्मिनी मिळून साडेदहा फूट होतात. वॅगनआरसारखी उंच गाडी असेल तर ११ फुटांच्या पुढे जातं. साध्या पार्किंगमध्ये एवढी उंची क्वचितच मिळते.

रुंदीचंही तसंच. माझी जागा आतून ११ फूट. टू-पोस्ट बाहेरून बाहेर जवळजवळ तेवढीच भरते, मग भिंत आणि खांबामधून माणूस जाणार कुठून? तिथेच टू-पोस्टचा विषय संपला. ज्यांच्याकडे १३ फूट रुंदी, १२ फूट उंची आणि पक्की जमीन आहे, त्यांनी मात्र दुसरं काही बघू नये. गिअरबॉक्स, सायलेन्सर, प्रोपेलर शाफ्ट, सगळं हाताशी येतं.

फोर-पोस्टवर गाडी चाकांवरच उभी राहते आणि भार चार पायांत वाटला जातो, म्हणून जमिनीबाबत ती जरा सोशिक. एकावर एक दोन गाड्या ठेवायच्या असतील तर तीच घ्यावी, अर्थात उंची असेल तर. पण ब्रेकच्या कामाला चाकं लोंबती लागतात, त्यासाठी मधला जॅक वेगळा घ्यावा लागतो. वॉशिंग सेंटरवर दिसते ती एकखांबी लिफ्ट घरी नको. तिचा दट्ट्या जमिनीत खोल जातो.

मी घेतली ती मध्यम उंचीची सीझर लिफ्ट. कैचीसारखी उघडते, गाडी खालच्या पट्ट्याजवळ चार रबरी गुटक्यांवर उचलते, जास्तीत जास्त १२० सेंटिमीटर. मी ती मीटरभर उंचीच्या लॉकवरच थांबवतो, म्हणजे बीमशी भांडण होत नाही. चाकांच्या स्टुलावर बसून ब्रेक, हब, पाटे, स्टीअरिंगचे जॉइंट, सिलच्या (दारांखालच्या पट्ट्याच्या) गंजाचं काम, सगळं होतं. उणीव एकच, पण मोठी: कैचीचा सांगाडा गाडीच्या पोटाखाली मधोमध येतो. पद्मिनीचा गिअरबॉक्स उतरवायचा असतो तेव्हा मी मिरजेला विद्यार्थ्याकडेच जातो. तुमचं मुख्य काम गिअरबॉक्स-क्लचचं असेल तर ही लिफ्ट तुम्हाला रोज अडवेल. त्यापेक्षा दोन सुट्या चौकटींची, गाडीच्या दोन्ही बाजूंना ठेवायची पोर्टेबल लिफ्ट बघा. ती दीड-पावणेदोन फूटच उचलते, पण मधली जागा मोकळी राहते, आणि काम झालं की भिंतीशी उभी करता येते.

लिफ्टऐवजी खड्डा खणावा असं खूप जण सुचवतात, एसटी डेपोतला पाहिलेला असतो म्हणून. डेपोतला खड्डा लांबरुंद आणि हवेशीर असतो. घरच्या खड्ड्यात पेट्रोलची वाफ तळाशी साठते, कारण ती हवेपेक्षा जड असते, आणि एका ठिणगीने जीव जातो. शिवाय आमच्याकडे पूर. २०१९च्या ऑगस्टमध्ये पार्किंगमध्ये कमरेपर्यंत पाणी होतं. म्हणूनच लिफ्ट घेताना मोटर आणि पंप ट्रॉलीवर वेगळे असलेलं मॉडेल मी मुद्दाम निवडलं. दोन पाइप सोडले की ट्रॉली पहिल्या मजल्यावर नेता येते. पूररेषेजवळ राहणाऱ्यांनी हा मुद्दा किमतीच्या आधी बघावा.

जीव ज्यावर अवलंबून असतो ते म्हणजे यांत्रिक लॉक. लिफ्ट वर जाताना टक टक आवाज येतो तो त्याचाच. हव्या उंचीला पोचल्यावर लिफ्ट थोडी खाली सोडून तिचा भार लॉकवर टेकवायचा आणि मगच खाली जायचं. तेलाच्या दाबावर उचललेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही, मिनिटभरही नाही. हे मी मुलांना तीस वर्षं सांगितलं. दुकानात लॉक चालवून दाखवायला लावा. तो कसा सुटतो तेही विचारा. काही लिफ्टमध्ये लॉक हवेच्या दाबाने सुटतो, म्हणजे कॉम्प्रेसर हवा. काहींत विजेच्या चुंबकाने, म्हणजे वीज गेली की गाडी वरच अडकली. हाताच्या दांडीने सुटणारा लॉक मला घरासाठी सगळ्यात पसंत. बटण सोडलं की लिफ्ट जागीच थांबते का, आणि पाइप फुटला तर सिलिंडरमधला व्हॉल्व्ह तेल अडवतो का, हेही विचारा. परदेशी मालावर ईएन १४९३ हे युरोपचं किंवा एएलआयचं (ऑटोमोटिव्ह लिफ्ट इन्स्टिट्यूट) अमेरिकी प्रमाणन असेल तर त्याचा कागद बघा. नुसत्या स्टिकरवर जाऊ नका.

विजेचं थोडक्यात. घरी सिंगल फेज असेल तर २२० व्होल्टची मोटर मागा, साधारण २.२ किलोवॉटची येते. तिला मीटरपासून वेगळी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, वेगळा एमसीबी आणि चोख अर्थिंग द्या. बंद पडलेल्या गॅरेजमधल्या जुन्या लिफ्ट स्वस्तात मिळतात, पण त्या बहुधा ४१५ व्होल्टच्या थ्री फेज असतात. जुनी घ्यायचीच तर वायररोपचे तुटलेले तंतू, दट्ट्यावरचे ओरखडे आणि वेल्डिंगवर नव्या रंगाचा थर, हे तीन बघा. स्क्रूवर चालणारी असेल तर मुख्य नट आणि त्याखालचा सुरक्षा नट यांतलं अंतर मोजून पुस्तिकेशी ताडा. मुख्य नट झिजला की ते अंतर कमी होत जातं.

दुकानात जाताना गाडीचे जॅक लावायचे चार बिंदू मोजून न्या: पुढचा-मागचा किती लांब, डावा-उजवा किती लांब. लिफ्टचे गुटके तिथवर पोचले पाहिजेत. पद्मिनीसारख्या जुन्या गाडीचे सिल आधी हातोडीच्या मागच्या टोकाने ठोकून बघा. गंजलेल्या सिलवर गाडी उचलली तर गुटका आत घुसतो. मी आधी सिल बदलले, मग गाडी चढवली.

पहिल्यांदा उचलताना चाकं जमिनीपासून वीतभर सुटली की थांबा आणि बंपर धरून गाडी चांगली हलवा. डोलली तर खाली घेऊन गुटके पुन्हा लावा. इंजिन पुढे असल्यामुळे वजन पुढे जास्त असतं, म्हणून गाडी अर्धी-अर्धी विभागून बसत नाही, थोडी मागे सरकवून घ्यावी लागते. जमलं की सिमेंटवर ऑइलपेंटने चाकांच्या खुणा करून ठेवा. आणि दोन आठवड्यांनी सगळे अँकर बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा. माझ्या चारांतले दोन पाव-पाव फेरा फिरले होते.