गावातल्या विहिरी मोजायच्या कशा? एनएसएसच्या मुलामुलींसाठी वर्षभराचं एक काम

एनएसएसचं, म्हणजे कॉलेजातल्या राष्ट्रीय सेवा योजनेचं, सात दिवसांचं शिबिर म्हटलं की झाडू, प्रभातफेरी आणि समारोपाचा फोटो एवढंच बऱ्याच गावांना आठवतं. योजना १९६९ सालची, वर्षाला १२० तास कामाचे. हे तास एकाच प्रश्नाला दिले तर गावाच्या हाती काही लागेल. दुष्काळी पट्ट्यात तो प्रश्न शोधावा लागत नाही: विहिरींना पाणी उरलंय किती?

आधी सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) भेटा, मग विहिरींच्या मालकांना. सरांना पुढे करू नका, तुम्हीच बोला. मोजणी म्हटली की ‘पाणीपट्टी वाढणार का?’ ही शंका येतेच. कुणाच्या विहिरीत किती पाणी हे नावानिशी फळ्यावर लिहिणार नाही, असा शब्द द्या आणि तो पाळा.

गावाच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या अंगाच्या मिळून आठ-दहा विहिरी पुरेत. कठडा नसलेली विहीर सोडून द्या, त्यात वाद नको. कठड्यावर ऑइलपेंटने खूण करा आणि दर वेळी तिथूनच वजन बांधलेली टेप सोडा. टेप पाण्याला टेकली की आकडा वाचा आणि त्यातून कठड्याची उंची वजा करा. पाण्याची खोली हवी तर वजन तळापर्यंत जाऊ द्या आणि टेपवरच्या दोन आकड्यांतला फरक घ्या. जुनी माणसं ‘दोन परस पाणी आहे’ म्हणतील. परस हे खोलीचं जुनं माप. तेही लिहून घ्या, पण मीटरचा रकाना रिकामा ठेवू नका.

खरी गोची विजेची. मोजणी सकाळी, मोटार सुरू व्हायच्या आधी करावी हे ठीक. पण शेतीला रात्रीची लाईट असलेल्या आठवड्यात मोटारी रात्री चालतात आणि पाणी सकाळी खाली गेलेलंच दिसतं. म्हणून मोटार शेवटची कधी बंद झाली हे मालकाला विचारून आकड्याशेजारी लिहा. ही नोंद नसेल तर दोन महिन्यांची तुलना फसवी ठरते.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत मोजते. तुम्हीही हेच महिने धरा.

हिशेब दहावीतल्या गणिताचा. सहा मीटर व्यासाच्या गोल विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ३ × ३ × ३.१४ × ४, म्हणजे ११३ घनमीटर. सुमारे १ लाख १३ हजार लिटर. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटर. हजार वस्तीच्या गावाला हे पाणी दोन दिवस पुरतं, झरे धरले नाहीत तर. हा एक आकडा सांगितला की ग्रामसभेत चुळबुळ थांबते.

ऑक्टोबरचे आकडे रब्बीची पेरणी उरकायच्या आत सभेपुढे यायला हवेत. २ ऑक्टोबरची ग्रामसभा गाठायची तर महिन्याच्या पहिल्याच दिवशी मोजा. हिवरे बाजारात पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवतात. तुम्ही मात्र ‘ऊस लावू नका’ असं सांगायला जाऊ नका. आकडे मांडा, प्रश्नांना उत्तरं द्या, ठराव गावाला करू द्या.

एनएसएसमध्ये मुलं दोनच वर्षं असतात. म्हणून प्रत्येक विहिरीला पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाची जोडी लावा. वहीची एक प्रत ग्रामपंचायतीत द्या आणि मूळ वही पुढच्या तुकडीकडे सोपवा, मोटारीच्या नोंदींसकट.