साताऱ्यात नवीन आलात आणि पोरगं पाचवीला आहे?

आम्ही २०१८ च्या जूनमध्ये परभणीहून साताऱ्याला आलो. ह्यांना एमआयडीसीत काम लागलं होतं, पण घर हलवायचं खरं कारण वेगळंच होतं. थोरला चौथीत जाणार होता आणि तिकडं जो तो म्हणायचा की साताऱ्याला जाताय ना, मग पोराला सैनिक स्कूलला टाका, तिथं राहिलं की नंबर लागतो. आता दरवर्षी मे महिना आला की बीडचं, जतचं, कुणी ना कुणी खोली बघायला येतं आणि कुणाकडनं तरी माझा नंबर घेऊन विचारतं, ताई सैनिकच्या तयारीला अकॅडमी कुठली चांगली. फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून एकदा नीट लिहिते.

पहिलं हे लक्षात घ्या की साताऱ्यात राहिल्यानं सैनिक स्कूलच्या जागेत काडीचाही फायदा होत नाही. सहावीपासनं पुढची ही निवासी शाळा इथं आहे, १९६१ साली सुरू झाली आणि देशातलं पहिलं सैनिक स्कूल हेच, पण प्रवेश होतो तो सगळ्या देशात एकाच दिवशी होणाऱ्या परीक्षेतून. ६७ टक्के जागा राज्यातल्या पोरांना असतात, त्यात परभणीचं पोरगं आणि सदर बझारमधलं पोरगं एकाच रांगेत. महाराष्ट्राचं डोमिसाईल आहे ना, मग झालं. २०१९ पासून चंद्रपूरलाही सैनिक स्कूल आहे, फॉर्म भरताना त्याचाही विचार करा.

नवोदयचं, म्हणजे जिल्ह्याजिल्ह्यात असलेल्या केंद्र सरकारच्या निवासी शाळेचं, तर उलटंच आहे, आणि तिथंच लोक फसतात. सातारा जिल्ह्याचं नवोदय खावलीला, सांगलीचं पलूसला. जिल्ह्यातल्या शाळेत पाचवी शिकत असेल आणि त्याच जिल्ह्याचा रहिवासी असेल तरच त्या जिल्ह्याच्या नवोदयला बसता येतं, आणि परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. जास्तीत जास्त ८० जागा, त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीण. आता ग्रामीण म्हणजे कोण, तर तिसरी, चौथी, पाचवी अशी तिन्ही वर्षं पूर्ण खेड्यातल्या शाळेत काढलेलं पोरगं. यातल्या एकाही वर्षात एक दिवस जरी शहरातल्या शाळेत गेलं तरी ते शहरी धरतात. आम्हाला हे माहीतच नव्हतं. गावाकडं झेडपीच्या शाळेत तिसरी झालेल्या पोराचं नाव मोठ्या हौसेनं सातारा शहरातल्या शाळेत घातलं आणि त्या एका सहीनं त्याची ग्रामीण जागा गेली. तुम्ही अजून तिकडंच असाल आणि पोरगं तिसरी-चौथीत असेल तर खोलीचा ॲडव्हान्स द्यायच्या आधी हा परिच्छेद नवऱ्याला, सासऱ्यांना, सगळ्यांना वाचून दाखवा.

वयाचंही तसंच. सैनिकच्या सहावीसाठी ३१ मार्चला वय १० ते १२ मध्ये बसायला पाहिजे, नववीसाठी १३ ते १५. जन्मदाखला काढून महिने मोजा, शाळेत सर तारीख जुळवून देतील म्हणून बसू नका. आणि डोळे, कान तपासून घ्या. लेखी पास झाल्यावर मेडिकल असतं, त्यात पोरगं बाद झालं की वर्षभर केलेलं सगळं जातं, आणि ते अकरा वर्षांचं लेकरू स्वतःलाच दोष देत बसतं.

आता अकॅडमीचं. पोवई नाक्यावरनं खाली या किंवा राजवाड्याकडं जा, बोर्ड दिसतीलच. आम्ही पाचवीच्या जूनला थोरल्याला एका निवासी अकॅडमीत घातलं. वर्षाची फी एकरकमी, पावती मागितली तर ताई विश्वास नाही का म्हणाले. पोराचं नाव एका खेड्यातल्या शाळेत आणि पोरगं पहाटेपासनं रात्रीपर्यंत अकॅडमीत, शाळेत महिन्यातनं एखाद-दोन दिवस. दिवाळीला घरी आला तर त्याला साध्या प्रश्नाचं उत्तर पण ए, बी, सी, डी ऐकल्याशिवाय देता येईना. आई काय जेवायला करू म्हणून विचारलं तर नुसता बघत बसायचा. मी त्याला परत पाठवलं नाही, पैसेही परत आले नाहीत. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्यात, त्यात १६ वर्षांखालच्या पोरांना घेऊ नये, निवडीची गॅरंटी देऊ नये आणि मधेच सोडलं तर उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत द्यावी असं स्पष्ट लिहिलंय. प्रत्यक्षात काय चालतं ते तुम्हाला दिसेलच, पण बोलताना हे माहीत असलं की समोरचा जरा सावध होतो. फी महिन्याच्या महिन्याला द्या, पावती घ्या, आणि शाळा बुडवून क्लास म्हटलं की तिथनं उठा. आणखी एक, शाळेत पगारावर असलेल्या मास्तरांना खासगी शिकवणी घ्यायला आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ ने मनाई आहे, तेव्हा वर्गशिक्षकांनाच घरी शिकवाल का म्हणून गळ घालू नका, त्यांनाही अवघड होतं.

मग शिकवायचं कुणी? आमच्या धाकटीच्या वेळी शाहूपुरीत एक रिटायर झालेल्या बाई भेटल्या. व्हरांड्यात सतरंजी, सहा पोरं, सातवं घेत नाहीत. पहिल्या दिवशी मी बाजूला बसले होते. गणित होतं, दुकानदाराने २४० रुपयांना घेतलेली छत्री २७६ ला विकली तर शेकडा नफा किती. पोरीनं लगेच पेन्सिल उचलली. बाई म्हणाल्या, पेन्सिल खाली, पुस्तक मीट, आता मला गोष्ट सांग. कोण आहे, काय घेतलं, कितीला, आणि विचारलंय काय? पोरगी म्हणाली छत्तीस. बाई म्हणाल्या, छत्तीस रुपये मिळाले बाळ, पण विचारलंय शेकडा. पोरगी गप्प. बाई पण गप्प, हे मला फार आवडलं, त्यांनी उत्तर सांगून टाकलं नाही. पोरीनं सतरंजीच्या दशा ओढल्या, वर बघितलं आणि हळूच म्हणाली, दहा टक्के चोवीस, पाच टक्के बारा, चोवीस आणि बारा छत्तीस, म्हणजे पंधरा. कुठलाच फॉर्म्युला न लावता! मी रस्त्यानं घरी येताना रडत आले, कारण थोरल्याला असं कुणी दोन मिनिटं थांबू दिलंच नव्हतं.

शिकवणीत हेच बघा, की चुकल्यावर शिकवणारे काय करतात. डेमो लेक्चर बघू नका, नेहमीच्या तासाला कोपऱ्यात बसू द्या म्हणा, नाही म्हणाले तर दुसरीकडं जा.

पेपर कळला तर वेळ कुठं द्यायचा तेही कळतं. सैनिकच्या सहावीला १२५ प्रश्न, ३०० मार्क, अडीच तास, त्यात निम्मे मार्क एकट्या गणिताचे, उरलेले बुद्धिमत्ता, भाषा आणि सामान्य ज्ञानाला ५०-५०. मराठीतनं देता येतो. प्रत्येक विषयात २५ टक्के आणि एकूण ४० टक्के ही नुसती पात्रता, नंबर लागायला त्याच्या बरंच वर जावं लागतं. नवोदयला ८० प्रश्न, दोन तास, आणि निम्मे मार्क बुद्धिमत्तेचे. म्हणजे एकाच क्लासमध्ये दोन्हीची तयारी एकदम करतो म्हणणाऱ्याला विचारा की आठवड्यात गणिताला किती तास आणि आकृत्यांना किती. दोन्हीत चुकीला मार्क कापत नाहीत, म्हणून एकही गोल रिकामा ठेवायचा नाही. थोरल्यानं एक प्रश्न सोडला आणि पुढची सगळी उत्तरं एक ओळ वर रंगवत गेला, हे त्याला शेवटी कळलं. धाकटीला बाईंनी दर पाच प्रश्नांनी बोट ठेवून नंबर मोठ्यानं म्हणायची सवय लावली, परीक्षेत मनातल्या मनात.

मुलींना सैनिक स्कूल २०२१-२२ पासून उघडलंय, जागा कमी असतात पण आहेत. माझी पोरगी आत आहे. थोरला इथंच रयतच्या शाळेत शिकला, चांगलं चाललंय त्याचं. कर्मवीर अण्णांच्या गावात आलाय तुम्ही, नंबर नाही लागला तरी पोरगं उघड्यावर पडत नाही, हे त्याला परीक्षेच्या आधीच सांगून ठेवा.

नंबर लागला की लोकांना वाटतं शिकवणी संपली. आमची खरी गरज तर तिथनं पुढं सुरू झाली. सैनिकला सहावीपासनं सगळं इंग्रजीत. नवोदयला सातवी-आठवीपर्यंत मराठी चालतं, मग गणित-विज्ञान इंग्रजीत. पोरगी पहिल्या दिवाळीला घरी आली तेव्हा गणित तिला येत होतं पण प्रश्नच कळत नव्हता. बाईंनी एका वहीत मधोमध रेघ मारून दिली, डावीकडं क्षेत्रफळ उजवीकडं एरिया, परिमिती पेरिमीटर, लसावि एलसीएम. सुट्टीत रोज दहा शब्द, आणि त्याच शब्दांची तिनंच तयार केलेली दोन गणितं. सुट्टीत एवढंच करा. एकवीस दिवसांचा क्रॅश कोर्स लावू नका, ती पोरं घरी झोपायला आणि तुमच्या हातचं खायला आलेली असतात.

निवड व्हायच्या आधी, नवीनच आला असाल आणि खोली बघत असाल तर क्लास चालत जाता येईल असा बघा, शाहूपुरी, करंजे, गोडोली, कुठंही. इथला पाऊस आपल्या मराठवाड्यासारखा नाही, जुलैत दिवसच्या दिवस थांबत नाही आणि ओल्या कपड्यात पोरगं काय शिकणार. खोली ठरवायच्या आधी संध्याकाळी साडेसहाला क्लासच्या दारापासनं खोलीपर्यंत एकदा पोराचं बोट धरून चालत जाऊन बघा.