वस्तऱ्याने गुप्तांगाजवळचे केस काढताना: आधी टोक, मग धार

दाढी करणाऱ्या सरळ वस्तऱ्याने जांघेतील आणि ओटीपोटाखालचे केस काढता येतात, मात्र दाढीचा वस्तरा जसाच्या तसा तिथे वापरू नये. गालाखाली हाडाचा आधार असतो, त्यामुळे पाते कुठे टेकले आहे ते हाताला कळते. जांघेत कातडी सैल, घडीदार आणि ओलसर असते, आणि अशा ठिकाणी जखम बहुधा धारेमुळे होत नाही, ती पात्याच्या टोकामुळे होते. मीही पहिल्यांदा चौकोनी टोकाचा नवा वस्तरा घेऊन बसलो होतो. धारेकडे डोळ्यांत तेल घालून पाहत राहिलो आणि जिथे लक्षच नव्हते तो पुढचा कोपरा मांडीच्या सांध्यात रुतला. जखम लहान होती, पण जूनचा महिना, अंगाला सतत घाम आणि दोरीवर आठवडाभर न वाळणारे कपडे, त्यामुळे ती भरून यायला दहा दिवस लागले.

प्रथम हत्याराविषयी. सलूनमध्ये आज बहुतेक ठिकाणी अर्धे ब्लेड बसवायचा उस्तरा असतो, कारण प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे ब्लेड देता येते. पण या ब्लेडचे दोन्ही कोपरे सुईसारखे असतात आणि जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी, म्हणजे ते कातडीत केव्हा घुसले हे कळतही नाही. हे कोपरे पक्कड किंवा कात्रीने छाटण्याचा उद्योग कोणी करू नये. हे पोलाद कडक असल्यामुळे वाकत नाही, तडकते, आणि त्याचा तुकडा थेट डोळ्याकडे उडू शकतो. ज्याला पात्यात बदल करायचा आहे त्याने पूर्ण पोलादी पात्याचा वस्तरा घ्यावा. गोव्यातल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुन्या लोखंडी सामानात एखादा वस्तरा हाती लागला, तर धारेवर खड्डे किंवा तडा नाही ना, हे उजेडात नीट पाहावे. हस्तिदंती मुठीचा, आजोबांच्या वेळचा जपून ठेवलेला वस्तरा मात्र यासाठी घासू नये. त्याचे मोल वेगळे आहे.

टोक गोल करण्याचे काम अर्ध्या तासाचे आहे, पण घाई चालत नाही. धारेवर इन्सुलेशनची पट्टी अशी चिकटवावी की पुढचे तीन-चार मिलिमीटर तेवढे उघडे राहतील. 1000 नंबरचा निसणा, म्हणजे धार लावायचा दगड, पाण्यात भिजवून सपाट जागी ओल्या फडक्यावर ठेवावा, म्हणजे तो सरकणार नाही. मग पाते निसण्यावर उभे धरून केवळ त्याचा कोपरा टेकवावा आणि मूठ हळूहळू खाली नेत, हलक्या दाबाने, कमानीसारखी वळणे घ्यावीत. दहा-बारा वळणे झाली की थांबून पाहावे. कोपऱ्याची गोलाई साधारण तांदळाच्या दाण्याच्या टोकासारखी दिसली की पुरे, त्याहून अधिक घासल्यास पात्याची कामाची लांबी उगाच कमी होते. मुठीकडच्या बाजूला धार जिथे सुरू होते तिथलाही कोपरा पाहावा, कारण हात उलटा फिरवताना तोही लागतो.

यासाठी विजेचा ग्राइंडर वापरू नये. वस्तऱ्याच्या पोलादाचा कडकपणा एका ठरावीक उष्णतेवर बेतलेला असतो. घर्षणाने तापून टोकावर निळसर झाक आली, म्हणजे उष्णता 300 अंश सेल्सियसच्या आसपास पोचली आणि तेवढा भाग मऊ पडला असे समजावे. त्या भागाला पुन्हा टिकाऊ धार बसत नाही. हाताने, पाणी घालत घासले तर हा धोका नाही.

टोक झाले की पट्टी काढावी आणि 8000 नंबरच्या, म्हणजे बऱ्याच बारीक दाण्याच्या दगडावर पाते आडवे ठेवून, पाठ व धार दोन्ही दगडाला टेकलेली असताना, सात-आठ हलके फेरे द्यावेत. घासताना टोकावर जी अदृश्य खरखर राहते ती याने निघते. नंतर चामड्याच्या पट्ट्यावर तीस-चाळीस फेरे. पट्ट्यावर पाठ पुढे आणि धार मागे असावी, उलट केल्यास पट्टाही कापला जाईल आणि धारही जाईल. आता कापसाचा बोळा घेऊन केवळ गोल केलेल्या टोकावरून फिरवावा. एक जरी तंतू अडकला तर पुन्हा दगडाकडे जावे. माझ्या पाहण्यात सगळ्या खटाटोपात ही चाचणी सर्वांत मोलाची आहे, आणि लोक नेमकी तीच गाळतात.

आता प्रत्यक्ष काम. जांघेत गजकर्ण, पुटकुळ्या किंवा खाज असेल तर वस्तरा लावूच नये. गोव्याच्या दमट हवेत गजकर्ण फार होते, आणि औषधाच्या दुकानातून आणलेल्या स्टेरॉइडमिश्रित मलमाने ते वरवर दबते पण आतून पसरते. मधुमेह असणाऱ्यांनी आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी ट्रिमरवरच भागवावे.

केस आधी कात्रीने किंवा ट्रिमरने चार-पाच मिलिमीटरपर्यंत कापून घ्यावेत, मग कोमट पाण्याने आंघोळ करावी म्हणजे केस मऊ होतात. न्हाणीघराची जमीन कोरडी करून स्टुलावर बसावे आणि उजेड समोरून येईल असे पाहावे. पावसाळ्यात दिवे केव्हा जातील याचा नेम नाही, म्हणून मी हे काम दिवसाच करतो. दाट फेस लावावा. डाव्या हाताची बोटे कोरडी करून त्यांवर तुरटी चोळावी. ही जुन्या न्हाव्यांची युक्ती आहे, ओल्या कातडीवर बोटे घसरत नाहीत. खरे कसब या डाव्या हातात आहे: कातडी ढोलाच्या चामड्यासारखी ताणली गेली नाही, तर उजव्या हाताने कितीही नजाकत दाखवली तरी उपयोग नाही.

पाते कातडीशी साधारण 30 अंशांत धरावे आणि केसांच्या दिशेनेच, दोन-तीन सेंटिमीटरचे लहान हात मारावेत. दाब वस्तऱ्याच्या वजनाएवढाच असावा. पाते आडवे सरकवू नये, कारण तसे केले की धार सुरीसारखी चिरत जाते. केसांच्या उलट दिशेने दुसरा हात मारून गुळगुळीतपणा साधण्याचा मोह आवरावा, त्यातूनच केस कातडीत वळून पुटकुळ्या येतात. वृषणाची पातळ कातडी, लिंग, योनीचे ओठ आणि गुदद्वाराभोवतीचा भाग येथे टोक कितीही गोल असले तरी वस्तरा नेऊ नये. तिथे गार्ड लावलेला ट्रिमर वापरावा किंवा केस राहू द्यावेत.

केस राहू द्यावेत हा सल्ला आळसातून दिलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांत शस्त्रक्रियेपूर्वी वस्तऱ्याने केस काढू नयेत, अगदीच गरज असेल तर क्लिपर (ट्रिमरसारखे केस कापायचे यंत्र) वापरावा, असे म्हटले आहे. वस्तऱ्याने कातडीवर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे पडतात आणि त्यांतून जंतू शिरतात, हे त्यामागचे कारण.

काम झाल्यावर थंड पाण्याने धुऊन मऊ पंच्याने टिपावे, चोळू नये. सुगंधी लोशन टाळावे. दोन दिवस सैल सुती कपडे घालावेत आणि समुद्रात उतरू नये. रक्त आले तर स्वच्छ फडके दहा मिनिटे घड्याळ लावून दाबून धरावे, मध्ये उचलून पाहू नये. जांघेतून मोठी रक्तवाहिनी जाते, त्यामुळे रक्त उसळून येत असेल तर दाब न सोडता 108 ला फोन करावा. पू किंवा ताप आल्यास डॉक्टरांना दाखवावे, संकोच करू नये.

वस्तरा कोणालाही उसना देऊ नये, घरातल्या माणसालाही नाही, कारण रक्तातून कावीळ ब आणि एचआयव्ही पसरू शकतात. वापरानंतर पाते स्पिरिटने पुसावे, पूर्ण कोरडे करावे आणि त्यावर मशीनच्या तेलाचा पातळ हात द्यावा. किनाऱ्यालगतच्या घरांत खारी हवा एका रात्रीत पात्यावर तांबूस ठिपका आणते, आणि तो धारेवर आला असेल तर पुन्हा निसण्याशी बसावे लागते.