विहीणबाईंच्या पणजोबांचा पेन्शन-अर्ज: असे कागद कसे शोधावेत, कसे वाचावेत

आमच्या विहीणबाई अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या मेम्फिसच्या. जन्म तिथलाच, आणि शाळेत शिकवण्यात सगळं आयुष्य गेलं. त्यांच्या घरी एक जुनं बायबल आहे. त्याच्या पहिल्या पानावर घराण्याची नावं पिढीवार लिहिलेली. सगळ्यात वर त्यांच्या पणजोबांचं नाव आहे, पण जन्म-मृत्यूच्या तारखांच्या जागी नुसत्या रेघा.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पुतण्यानं जेवताना सांगितलं, "आपले मोठे आजोबा कॉन्फेडरेट सैन्यात शिपाई होते. पेन्शन मिळत होती त्यांना, यादीत नाव आहे." विहीणबाईंनी हातातला घास तसाच खाली ठेवला. अमेरिकन यादवीत दक्षिणेच्या ज्या सैन्यानं गुलामगिरी टिकवण्यासाठी युद्ध केलं, त्या सैन्यात आपला पणजोबा, जो स्वतःच गुलाम होता? माझी सगळी नोकरी अर्ज तपासण्यात गेलेली. मी म्हटलं, "आधी मूळ कागद बघू, मग काय ते बोलू." अमेरिकेत आता बरीच मराठी घरं अशा घराण्यांशी सोयरिकीनं जोडलेली आहेत. माझ्या नातीचं रक्त दोन्हीकडचं आहे. म्हणून आम्ही काय केलं ते सविस्तर लिहिते.

आधी ही पेन्शन कसली ते समजून घ्या, नाहीतर शोध चुकीच्या दारात सुरू होतो. अमेरिकन यादवी युद्ध १८६१ ते १८६५ चाललं. जिंकलेल्या उत्तरेच्या सैनिकांना वॉशिंग्टनहून केंद्र सरकारची पेन्शन मिळे; त्यात सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिकांच्या पलटणीही आल्या. हरलेल्या दक्षिणेच्या सैनिकांना केंद्राकडून ती नव्हती, त्यामुळे दक्षिणेतल्या राज्यांनी आपापल्या तिजोरीतून सोय केली. त्यातल्या पाच राज्यांनी पुढे, सैनिकांबरोबर छावणीत राबलेल्या गुलामांनाही पेन्शन देऊ केली. मिसिसिपीनं १८८८ मध्ये, म्हणजे फार आधी. टेनेसीनं १९२१ मध्ये, साउथ कॅरोलायनानं १९२३, व्हर्जिनियानं १९२४ आणि नॉर्थ कॅरोलायनानं १९२७ मध्ये. सालं पाहिलीत? १८६२ मध्ये पंधरा वर्षांचा असलेला मुलगा १९२७ मध्ये ऐंशीचा होतो. बहुतेक जण तोवर मातीआड गेले होते.

अर्ज राज्याकडे जायचा, आणि तोही अर्ज करताना माणूस जिथे राहत होता त्या राज्याकडे. लढाई व्हर्जिनियात पाहिलेली असेल आणि म्हातारपण मिसिसिपीत गेलं असेल, तर कागद मिसिसिपीत सापडेल. म्हणून आधी १९००, १९१० आणि १९२० ची जनगणना काढून माणूस कुठे होता ते ठरवा, मगच त्या राज्याच्या अभिलेखागाराकडे वळा: मिसिसिपीसाठी जॅक्सन, टेनेसीसाठी नॅशव्हिल, साउथ कॅरोलायनासाठी कोलंबिया, नॉर्थ कॅरोलायनासाठी रॅली, व्हर्जिनियासाठी रिचमंड. बऱ्याच याद्या ऑनलाइन आहेत. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर फुकट खातं उघडलं की मिसिसिपीचे अर्ज घरबसल्या पाहता येतात.

१९१० च्या जनगणनेत एक रकाना आहे: यादवीतल्या कुठल्या सैन्यातला हयात माणूस का? तिथे कॉन्फेडरेट सैन्याची खूण दिसली म्हणून लगेच शिपाई ठरवू नका. तो रकाना दारावर आलेल्या मोजणीदारानं आपल्या समजुतीनं भरलेला असतो.

नाव शोधताना आडनावाचं स्पेलिंग सैल सोडा. अर्जदाराला बहुधा लिहिता येत नसे. कारकुनानं कानाला जसं ऐकू आलं तसं उतरवलं. आम्हाला पहिल्या तीन खेपेला काहीच मिळालं नाही. चौथ्यांदा एक अक्षर गाळलं तेव्हा नाव सापडलं. आडनावानं नाहीच लागलं तर काउंटी, म्हणजे तिथला जिल्हा, धरून एकेक नाव बघत जा. वेळ जातो, पण फुकट जात नाही.

आता मुख्य काम, वाचण्याचं.

टेनेसीच्या छापील अर्जाच्या माथ्यावरच ठळक अक्षरांत आहे: 'कलर्ड मॅन्स ॲप्लिकेशन फॉर पेन्शन'. गोऱ्या सैनिकांचा अर्ज वेगळा, यांचा वेगळा. पुतण्याच्या दाव्याला अर्धं उत्तर तिथेच मिळालं. राज्यानं यांना सैनिक मानलं असतं, तर दुसरा अर्ज छापायची गरजच नव्हती. उरलेलं अर्धं उत्तर तारखेत आहे. कॉन्फेडरेट काँग्रेसनं कृष्णवर्णीयांना सैनिक म्हणून भरती करायचा कायदा केला १३ मार्च १८६५ ला, आणि ९ एप्रिलला त्यांचे सेनापती जनरल ली व्हर्जिनियात ॲपोमॅटॉक्सला शरण आले. त्याआधीची सगळी वर्षं ही माणसं मालकाचे नोकर, स्वयंपाकी, गाडीवान आणि खंदक खणणारे मजूर म्हणून तिथे होती. स्वखुशीनं गेले की नाही हा प्रश्नच नव्हता. मालक निघाला की ते निघत.

मी विहीणबाईंना एक युक्ती सांगितली, ती तुम्हालाही सांगते. अर्जाची छापील प्रत काढा, शाईनं लिहिलेल्या उत्तरांवर कोऱ्या कागदाची पट्टी ठेवा, आणि आधी नुसते प्रश्न वाचा. मालकाचं नाव काय? मालक कुठल्या पलटणीत होता? तू किती दिवस बरोबर होतास? मध्येच सोडून गेलास का? आज तुझ्याजवळ काय मालमत्ता आहे? आता पट्टी बाजूला करा. मग कळतं की उत्तरांना वाट एकच होती. साउथ कॅरोलायनाच्या कायद्यात तर युद्धभर एकनिष्ठ राहिल्याची आणि त्यानंतरची वागणूकही पेन्शनला साजेशी असल्याची अट होती. सत्तरी-पंचाहत्तरीचा, पोट हातावर असलेला माणूस काउंटीच्या अधिकाऱ्यांसमोर उभा आहे. त्यानं दुसरं काय सांगायचं? अर्जात जे विचारलेलं नाही तेही शेजारी लिहून काढा. तुला मजुरी मिळाली का? तुला जायचं होतं का? तुझी आई कुठे होती? आम्ही असे अकरा प्रश्न लिहिले. ते अजून त्या फाइलला टाचलेले आहेत.

पणजोबांच्या अर्जात कामाबद्दल एवढंच आहे: स्वयंपाक केला, कपडे धुतले, घोडा सांभाळला. अक्षर वळणदार, सगळं एकाच हाताचं. शेवटी सहीच्या जागी एक फुली आहे. तिच्या वर कारकुनानं लिहिलंय 'त्याची', खाली लिहिलंय 'खूण'. फुलीची एक रेघ लांब गेलीय आणि टोकाला शाई साचून थेंब झालाय, कारण टाक तिथे जरा जास्त वेळ टेकला होता. त्या अख्ख्या कागदावर त्यांच्या हातचं एवढंच आहे. विहीणबाई त्या थेंबावर बोट ठेवून कितीतरी वेळ बसल्या. मी उठून गॅस बंद करून आले, तरी बोट तिथेच होतं.

वय तीन कागदांवर तीन तऱ्हेचं निघालं. त्यानं घाबरू नका आणि दुरुस्तही करू नका. गुलामांच्या जन्माची नोंद मालकाच्या वहीत असली तर असायची, त्यामुळे पुढे हयातभर वय अंदाजानंच सांगितलं जाई. तिन्ही आकडे साल घालून शेजारीशेजारी लिहा.

साक्षीदारांची नावं मात्र नीट उतरवून घ्या. पुष्कळदा ते गोरे शेजारी असतात, कधी मालकाच्याच घरातले. आमच्या फाइलमध्ये मालकाच्या मुलाचं पत्र होतं: हा म्हातारा गरीब स्वभावाचा, नेहमी मर्यादेनं राहिलेला. वाचून मला संताप आला. विहीणबाई शांतपणे म्हणाल्या, "ते पत्र मिळवायला आजोबा त्याच्या दारात गेले असतील ना. कसे उभे राहिले असतील?" त्या दिवसानंतर 'आजोबांनी असा अर्ज का केला' असं त्यांच्या घरात कुणी विचारलं नाही.

मालकाचं नाव हाती आलं की ती खरी किल्ली. त्यावरून मालकाच्या सैनिकी नोकरीचे कागद काढा. पलटण कुठे कुठे होती ते कळतं, म्हणजे मुलगा कुठे कुठे नेला गेला तेही कळतं. १८६० च्या गुलामांच्या जनगणनेत गुलामांची नावं सहसा नाहीत, फक्त मालकाच्या नावाखाली वय, लिंग आणि रंग. आपल्या अंदाजाच्या वयाचा मुलगा त्यात आहे का पाहा, पण तोच तो असं छातीठोक लिहू नका. १८७० ची जनगणना ही मुक्त झालेल्या सगळ्यांना नावानिशी नोंदणारी पहिली. तिच्यात मालकाच्या घराच्या आगेमागे दहा-वीस घरं चाळा. नातं मात्र तिथे लिहिलेलं नसतं. तो रकाना १८८० पासून सुरू झाला. मुक्त झालेल्या गुलामांसाठी केंद्र सरकारनं काढलेल्या फ्रीडमेन्स ब्युरो या खात्याचे कागद आणि त्यांच्याचसाठी असलेल्या फ्रीडमन्स बँकेची खातेपुस्तकंही बघा. ही बँक १८६५ ते १८७४ चालली, आणि खातं उघडताना आई-वडील, भावंडं यांची नावं विचारत.

आम्हाला १८७० मध्ये त्याच आडनावाची एक पन्नाशीची बाई दिसली, नातं माहीत नाही. १८८० उघडलं, तर तीच बाई पणजोबांच्या घरात, आणि नावापुढे: आई.

आणखी एक गोष्ट मनाशी धरा, म्हणजे या पेन्शनचा अर्थ चुकणार नाही. याच टेनेसीत कॅली हाउस नावाची, गुलामगिरीत जन्मलेली, धुणं धुऊन पोट भरणारी बाई होती. तिच्या संघटनेनं सगळ्याच मुक्त गुलामांसाठी, त्यांच्या बिनपगारी कष्टांबद्दल, केंद्र सरकारकडे पेन्शन मागितली. नॅशव्हिलमध्ये १८९८ साली या संघटनेची नोंदणी झाली. मागणीच्या विधेयकात सत्तरीच्या पुढच्यांना महिना १५ डॉलर होते. सरकारनं तिच्यावर टपालातून फसवणुकीचा खटला भरला, आणि १९१७ मध्ये तिला तुरुंगात घातलं. त्यानंतर चारच वर्षांनी टेनेसीनं पणजोबांसारख्यांना पेन्शन दिली. शेतात राबलेल्याला काही नाही, मालकाचा घोडा सांभाळणाऱ्याला तुकडा. पाचही राज्यांत मिळून ही पेन्शन २,८०० च्या आसपास माणसांनाच मिळाली, आणि गुलामगिरीतून सुटलेले होते जवळपास चाळीस लाख.

फोटो सापडला तर तोही अर्जासारखाच वाचा. मिसिसिपीतले गुलाम सायलस चँडलर यांचा मालकाशेजारी बसून काढलेला फोटो प्रसिद्ध आहे: अंगात गणवेश, हातात शस्त्र. तो दाखवून लोक त्यांना सैनिक म्हणतात. मिसिसिपीनं त्यांना पेन्शन दिली ती नोकर म्हणून.

शेवटचं, आणि हे विसरू नका. अभिलेखागाराकडून प्रत मागवताना 'पूर्ण फाइल, सर्व पानांच्या दोन्ही बाजू' असं स्पष्ट लिहा. अर्ज नामंजूर झालेला असला तरी मागवा. आम्हाला आधी फक्त पुढच्या बाजू आल्या होत्या. पुन्हा पत्र धाडलं, तेव्हा शेवटच्या पानाच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहिलेली एक ओळ मिळाली: 'मयत', आणि तारीख. विहीणबाईंनी बायबल काढलं, मृत्यूच्या रेघेवर ती तारीख लिहिली. जन्माची रेघ तशीच ठेवली. मग पानाच्या अगदी वरच्या कडेला, जिथे जेमतेम एक ओळ मावत होती, तिथे बारीक अक्षरात १८८० मध्ये सापडलेल्या त्या बाईचं नाव लिहिलं.